थंडीत गाडीवर पुन्हा पुन्हा चरे पडतात? आधी दव पुसणं थांबवा

दिवाळी सरली, साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात गाडीवाल्यांची एकच तक्रार ऐकू येते. सावलीत रंग चकाकतो, खरं रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली गाडी उभी केली की बोनेटभर बारीक गोल चऱ्यांचं जाळं दिसतं. रबिंग-पॉलिश करून आणलं तर थोडे दिवस बरं, संक्रांत यायच्या आत जाळं परत हजर. मग कुणी बोअरच्या पाण्याला शिव्या देतं, कुणी शाम्पूला, तर कुणी ‘हल्ली रंगच पातळ मारतात’ म्हणून विषय सोडून देतं.

पाण्याचा दोष यात थोडा, शाम्पूचा त्याहून थोडा. खरा घोटाळा सकाळी सातला होतो. रात्रभर दव पडून गाडी ओलीचिंब झालेली असते आणि ‘आयतीच भिजलीय की’ म्हणत माणूस फडकं घेऊन टपापासून सुरू करतो. पाच मिनिटांत गाडी चकाचक. त्या पाच मिनिटांत धूळ ओली होऊन रंगावर घासली गेलेली असते, ते दिसत नाही इतकंच. हे फडकं बंद करायचं, आणि नळाला पाणी नसलं, अपार्टमेंटमध्ये नळी लावायला बंदी असली तरी एका बादलीत, न विसळता गाडी धुवायची. दोन्ही जमतं.

दवानं गाडी भिजते, धूळ वाहून जात नाही

निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही गार होतो. म्हणून दव आधी टपावर, बोनेटवर आणि पुढच्या काचेवर धरतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो, तेव्हा तर रोजचंच. दवाचे थेंब जागच्या जागी बसतात. धुळीचा कण त्यात भिजतो, चिकटतो, खरं त्याला वाहून न्यायला लागतं तेवढं पाणी तिथं नसतं. आठ-साडेआठला ऊन आलं की थेंब वाळतो आणि त्यात विरघळलेले क्षार मागं राहतात. रात्री परत दव. असे काही फेरे झाले की धूळ थर धरते, साध्या फडक्यानं निघत नाही, मग माणूस जोर लावतो.

जोर कशावर लावतोय ते बघा. खानापूर, जांबोटीकडं जांभ्याची तांबडी माती. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळी, चिकट, रानातली. मातीचा रंग कुठलाही असो, रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतातच. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, कडकपणाच्या मोह्स मापावर ७. खिडकीची काच त्याच मापावर साधारण साडेपाच. काचेला चरा पाडणाऱ्या कणापुढं गाडीच्या लॅकरचं काय चालणार?

लॅकर म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला शोरूमवाले क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी सहसा ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमीच. जाळं दिसतं ते याच थरात. आणि चरे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना असतात, त्यातले दिव्याभोवती आडवे येणारे तेवढे चमकतात आणि आपल्याला वर्तुळं दिसतात. त्यामुळं ‘मी कधी गोल पुसतच नाही’ हा बचाव चालत नाही.

रबिंगनं चरा भरून येत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचं लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत आणलं जातं. दर वेळी काही मायक्रॉन जातात ते कायमचे. वर्षाला एक रबिंग असा हिशोब लावला तर गाडी विकायच्या वेळेपर्यंत लॅकर संपत आलेलं असेल.

मग सकाळी निघायचं कसं?

पुढची काच, मागची काच, दोन्ही आरसे आणि दाराच्या काचा पुसा. बस्स. काचेसाठी रबराची पट्टी असलेलं वायपर हातात घेतलं तरी चालतं, फक्त ते काचेपुरतंच. वायपरचं बटण दाबण्याआधी काचेवर पाणी मारा, कोरड्या धुळीवर वायपर फिरवला तर काचेवरच अर्धचंद्र उमटतात. बाकी गाडीला हात लावू नका. ऊन आलं की दव आपलं आपण वाळतंय. तांबडे ओघळ दिसतील, दिसू देत. बेळगावात थंडीत कुणाच्या गाडीवर ते नसतात?

कोरडं झटकणंही तितकंच वाईट. कोंबडीच्या पिसांची झटकणी असो, लांब दांड्याचा डस्टर असो, नाहीतर पिवळं फडकं असो, कोरडी धूळ त्याच्याखाली ओढलीच जाते. घरातली जुनी बनियन कितीही मऊ लागली तरी तिच्या विणीत कण आत जायला जागा नाही, तो वरच राहतो आणि फिरतो.

चरा कसला आहे ते आधी ओळखा

एक छोटा भाग नीट धुवून कोरडा करा, गाडी सावलीत घ्या आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. चारी बाजूंनी बारीक जाळं असेल तर ते फडक्याचं काम. बोनेटवर किंवा टपाच्या कडेला सरळ, लांब, एकाच दिशेच्या रेघा असतील तर संशय कव्हरवर किंवा डस्टरवर घ्या. दाराच्या मुठीमागच्या खळग्यातले चरे नखांचे, अंगठ्यांचे, बांगड्यांचे असतात. धुण्याशी त्यांचा संबंध नाही. एकाच बाजूच्या दारांवर आडव्या, विस्कटलेल्या रेघा आल्या असतील तर आठवून बघा, अरुंद रस्त्यावर उसाची ट्रॉली घासून गेली होती का. ट्रॉलीबाहेर लोंबणारं पाचट दिसायला मऊ, त्याच्या कडा मात्र धारदार असतात. या दिवसांत संकेश्वर-चिकोडीकडं जाताना ट्रॉलीच्या मागं चार हात थांबलेलं बरं.

नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तिथं पॉलिश करून फार काही साधत नाही, टचअप लागेल. नख सरकलं तर तो वरवरचा.

पांढऱ्या कडांचे गोल ठिपके म्हणजे चरे नव्हेत, पाण्यातले क्षार. आणि पांढऱ्या गाडीवर दारांच्या खालच्या कडेला, रबराजवळ तांबूस झाक दिसते ती जांभ्याची. तीही चरा नाही. यासाठी कुणी रबिंग सुचवलं तर हात जोडा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पॉलिश करून आणल्यावर दोन-चार धुण्यांत जाळं ‘परत आलं’ असेल तर बऱ्याचदा ते गेलेलंच नसतं. काही पॉलिशमध्ये तेलकट, चऱ्यात भरून बसणारे पदार्थ असतात. त्यानं चरे झाकले जातात, धुतलं की उघडे पडतात. ओळखायला सोपं आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी बोनेटच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून स्वच्छ टॉवेलनं हलकं पुसायला सांगा आणि उन्हात बघा. तेल निघालं की खरं काम दिसतं.

कुठं हे चालतं, कुठं नाही

न विसळता धुणं म्हणजे रिन्सलेस वॉश. यात फेस करणारा नेहमीचा शाम्पू नसतो. यातलं द्रावण कणाभोवती निसरडा थर धरतं, कण रंगावरून उचलून टॉवेलच्या तंतूंत जातो, आणि मागं जे उरतं ते इतकं थोडं की नुसतं पुसून टाकायचं. म्हणूनच केसांच्या शाम्पूची पुडी किंवा भांड्यांचं लिक्विड बादलीत टाकून ‘न विसळता’ धुता येत नाही. ते विसळावंच लागतं, नाहीतर चिकट थर राहतो. भांड्यांचं लिक्विड तर आधीचं वॅक्सही घेऊन जातं.

मर्यादा अशी: धुळीतून रंग दिसत असेल तर रिन्सलेस चालेल. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलात, रानातल्या वाटेनं गेलात, मडगार्डला नि दाराखाली चिखलाचे गोळे वाळलेत, तर नाही. तेव्हा वॉशिंग सेंटरवर जा आणि नुसतं पाणी मारून घ्या. तिथं सांगायचं एवढंच, ‘पाणी मारा, फोम मारा हवा तर, फडकं लावू नका.’ एका बादलीत दिवसभर बुडणारं त्यांचं फडकं आपल्या गाडीला नको. घरी येऊन उरलेलं काम रिन्सलेसनं करा.

सामान

१० लिटरची बादली, रिन्सलेस द्रावण, २ लिटरचा हातफवारा, मायक्रोफायबरचे सात-आठ टॉवेल आणि कोरडं करायला एक मोठा टॉवेल. आणखी एक रिकामी बादली, घाण टॉवेल टाकायला.

द्रावणाचं प्रमाण बाटलीवर बघून घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. उदाहरणार्थ, ऑप्टिमम नो रिन्स धुण्यासाठी १ ला २५६ असं पातळ करतात, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली. एक लिटरच्या बाटलीत पंचवीस बादल्या होतात, त्यामुळं सुरुवातीला महाग वाटली तरी पुरवठ्याला येते. अंदाजानं ओतू नका. मेडिकलमध्ये १० मिलीची सिरिंज मिळते, सुई नको म्हणून सांगा. ४० मिली म्हणजे चार सिरिंजा, आणि २ लिटरच्या फवाऱ्यात ८ मिली.

फवारा कुंड्यांना मारतात तो घ्या. रानात तणनाशक मारलेला पंप कितीही धुतलेला असला तरी गाडीला नको, तुमच्या हातांनाही नको.

टॉवेल ३५० ते ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), कडेला शिवण मऊ असलेले. लेबल कापून टाका, तेही ओरखडा काढतं. नवीन टॉवेल एकदा धुवूनच वापरा, नाहीतर तंतू सोडतात. टॉवेल चांगला आहे का याची शंका असेल तर घरात पडलेली एखादी जुनी सीडी काढा आणि तिच्या चमकत्या बाजूवर तो टॉवेल ओला करून घासा. सीडीवर चरे पडले तर तो टॉवेल चाकांना द्या.

पाणी नळाचं असेल तर उत्तम. बोअरचं जड असलं तरी द्रावणामुळं निभावतं, फक्त पुसून लगेच कोरडं करायचं. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी साठवून गाडीला वापरायची पद्धत बऱ्याच घरी आहे. पाण्याची बचत म्हणून छान, गाडीला मात्र ते सगळ्यात वाईट, कारण गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात. ते फरशीला वापरा. थंडीत हात गारठतात म्हणून बंबातलं थोडं गरम पाणी मिसळून बादली कोमट केली तरी चालतं. कढत नको.

पद्धत

वेळ सकाळी नऊनंतरची, दव वाळल्यावर, सावलीत. सातला सुरू केलं तर हवा इतकी ओली असते की पुसलेला पत्राही कोरडा होत नाही आणि पट्टे राहतात. भर उन्हात पत्रा तापला की द्रावण पुसायच्या आधीच वाळतं. संध्याकाळीही करता येतं, खरं उघड्यावर पार्किंग असेल तर रात्री लगेच दव पडणार.

कोरडं करायचा मोठा टॉवेल सोडून बाकीचे टॉवेल बादलीतल्या द्रावणात बुडवून ठेवा. आता एक बाजू घ्या, समजा टप आणि डाव्या बाजूची दारं, आणि फवाऱ्यानं भरपूर भिजवा. कंजूषपणा इथं करायचा नाही, सगळं काम याच टप्प्यावर ठरतं. दोन-तीन मिनिटं थांबा. दाराच्या खालच्या कडेवरून तांबडं पाणी ओघळताना दिसेल. ते ओघळणं म्हणजे तेवढी वाळू फडक्याविना गेली. फार मळकट असेल तर आणि एकदा फवारा.

एक टॉवेल काढा, हलका पिळा, पाणी ठिबकत राहील इतका ओला ठेवा. दोनदा दुमडून चार पदर केले की आठ स्वच्छ बाजू मिळतात. टपापासून सुरू करा, एका सरळ रेषेत, तळहाताचा भार न देता. टॉवेल स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. एक रेघ संपली की उचला, परत मागं घासत आणू नका. बाजू मळली की घडी उलटा. आठही बाजू मळल्या की टॉवेल रिकाम्या बादलीत टाका, आणि तो परत स्वच्छ द्रावणात बुडवायचा नाही. हाच मुद्दा दोन बादल्यांच्या (एकीत शाम्पू, दुसरीत फडकं विसळायचं पाणी) जुन्या पद्धतीपेक्षा इथं बरा आहे: रंगावरून निघालेला कण पुन्हा रंगावर यायची वाटच राहत नाही.

एक भाग पुसला की तो वाळायच्या आत मोठ्या कोरड्या टॉवेलनं टिपून घ्या. ओढू नका, टॉवेल पसरून वरून हलकं थोपटा किंवा अलगद सरकवा. मग पुढचा भाग. क्रम वरून खाली: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांच्या खालचा पट्टा नि बंपर. खालच्या पट्ट्यासाठी नवा टॉवेल घ्या आणि तो पुन्हा वर आणू नका. चाकांची फडकी वेगळी, शक्य तर वेगळ्या रंगाची, कारण ब्रेकची काळी भुकटी धातूची असते आणि ती टॉवेलमधून पूर्ण निघत नाही.

हात चालत असताना कान उघडे ठेवा. टॉवेलखाली बारीक खरखर आली तर त्याच क्षणी हात उचला, ‘एवढी रेघ संपवतो’ म्हणू नका. तिथं परत फवारा मारा, नवी बाजू घ्या.

एवढं करूनही बिघडलं तर

धुरकट पट्टे राहिले तर दोनच कारणं: द्रावण जास्त पडलं, किंवा कोरडा टॉवेल ओला होऊन गेला. ‘दोन झाकणं जास्त टाकू’ हा आपला स्वभाव इथं नडतो. ताज्या, नीट मोजलेल्या द्रावणात टॉवेल भिजवून तो भाग परत पुसा आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलनं टिपा.

पुसून झाल्यावर आरशाखालून, नंबरप्लेटमागून, दाराच्या मुठीतून पाणी ओघळत असेल तर थंडीत ते लवकर वाळत नाही. दारं उघडा, कडा टिपा, आरसे दुमडून परत उघडा आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणा. उरलेलं टिपायला पाच मिनिटं लागतात.

पांढरे ठिपके ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घ्या, गार पत्र्यावर, फक्त ठिपक्यापुरतं, मिनिटभर ठेवून पुसा आणि तो भाग पुन्हा रिन्सलेसनं धुवा. त्यानंही न गेले तर ते लॅकरमध्ये उतरलेत. तिथं घासून उपयोग नाही.

टॉवेल तंतू सोडत असतील तर ते घरच्या सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये फिरले असणार. मायक्रोफायबर वेगळं धुवा, साधं लिक्विड डिटर्जंट, सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं तंतू बुजतात. वाळत घराच्या आत घाला. गच्चीवर रात्रभर दोरीवर राहिलेला टॉवेल दवात भिजून धूळ धरतो आणि मग तोच टॉवेल आपण ‘धुतलेला’ समजून वापरतो. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता बाद.

राख, भंडारा, डांबर

कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना थंडीत काळी राख नवीन नाही. बॉयलरमध्ये उसाचा भुसा जळतो, त्याची राख सिलिकानं भरलेली असते. शिवाय ऊसतोडीनंतर रानात पाचट पेटवलं की काळ्या पापड्या उडत येतात. त्या इतक्या हलक्या असतात की बोटानं दाबल्या की तिथंच काळ्या पसरतात. म्हणून त्यांना बोट, फडकं, काहीही लावू नका. कोरड्या असताना ब्लोअरनं उडवा, ब्लोअर नसेल तर आधी गाडी थोडी चालवून आणा, वाऱ्यानं बऱ्याच जातात. मग भरपूर फवारा आणि वरची पद्धत. दव पडलेलं असताना राख काढायला जाणं म्हणजे गाडीवर काजळ फासणं.

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला, माघात चिंचलीला मायाक्कादेवीला गाडी गेली की भंडारा आलाच. हळदीची पूड कोरडी असताना निघते, ओली केली की पसरते. आधी उडवा, मग धुवा. कपड्याचा साबण लावू नका, हळद साबणानं लाल होते आणि आपण घाबरून आणखी घासतो. पांढऱ्या गाडीवर पिवळी झाक राहिली तर गाडी दोन-चार दिवस उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात आपोआप विरतो. कुंकवाचं तसं नाही, ते दवात भिजायच्या आत काढलं पाहिजे. गाडीपूजेचा टिळा बोनेटऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यात लावला तर देवीलाही पोचतो आणि रंगालाही त्रास नाही.

महामार्ग ४८ वर किंवा नव्यानं डांबर पडलेल्या कुठल्याही रस्त्यावरून आलात की चाकांमागं काळे ठिपके चिकटतात. नखानं खरवडू नका. डांबर काढायचं द्रावण मिळतं, नाहीतर रॉकेलचा बोळा अर्धा मिनिट नुसता ठेवून हलकेच टिपा. ठिपका विरघळला की तो भाग लगेच धुवा, रॉकेल रंगावर नि रबरावर राहू देऊ नका.

कव्हर, आणि गाडी पुसणारे मामा

धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हलत राहतं आणि रात्रभर तीच धूळ घासत बसतं. कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवर, आणि काढताना आतली बाजू जमिनीला लागू न देता घडी घालून. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी शक्य असेल तर पत्र्याच्या शेडखाली नाहीतर बाल्कनीच्या सज्जाखाली लावावी. वर नुसतं छप्पर असलं तरी दव फार कमी धरतं. झाडाखालीही कमी धरतं, मात्र तिथं पक्ष्यांची विष्ठा आणि चीक गाठ पडतात, त्यामुळं मी झाड टाळतो.

टिळकवाडी, हिंदवाडीकडच्या अपार्टमेंटमध्ये महिन्याच्या ठरावावर रोज सकाळी गाड्या पुसणारा एक माणूस असतोच. बिचाऱ्याकडं एक बादली, एक फडकं आणि दहा-पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. त्याला काढून टाकायची गरज नाही. बोलणं साधारण असं होतं:

“मामा, उद्यापासून बॉडीला फडकं नको. काचा नि आरसे तेवढे बघा.”

“असं कसं साहेब? धूळ दिसली की लोक मलाच बोलतात की.”

“मी सांगतोय न्हवं. पैसे तेवढेच. चाकं आणि आतली मॅट बघत जावा, बाहेरची बाजू रविवारी मी धुतो.”

मामा कन्नड बोलणारे असतील तर ‘ओरसब्याड्री’ (पुसू नका) एवढं म्हटलं तरी काम होतं. काचेसाठी त्यांना आपला एक वेगळा टॉवेल द्या आणि तो आपल्याच डिकीत ठेवायला सांगा.

आणि असलेलं जाळं?

ते एकदा काढायचं असेल तर थंडीच्या सुरुवातीला काढू नका. दवाचे आणि राखेचे दिवस पुढं असतात, पैसे पाण्यात. होळी होऊन दव सरलं की मग न्या. आधी लॅकरची जाडी मोजायला सांगा. गेज असतो बऱ्याच ठिकाणी, तो संपूर्ण रंगाची जाडी दाखवतो, तरी एखाद्या पत्र्यावर आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर तिथं आधीच बरंच घासलं गेलंय हे कळतं. तिथं मशीन लावायचं नाही, जाळं दिसलं तरी दिसू द्यायचं. बाकी ठिकाणी सगळ्यात सौम्य पॉलिशनं एक हात, अल्कोहोलचं पाणी मारून उन्हात तपासणी, आणि मगच वर वॅक्स. वॅक्स आधी लावून दाखवत असतील तर गाडी घेऊ नका.